सगळे प्रश्न दारातच: एका कमांड-लाइन टूलची साफसफाई

लॉग फाइली वाचायच्या, हव्या त्या ओळी निवडायच्या, वेगवेगळ्या मशीनवरच्या नोंदी वेळेनुसार एका रांगेत लावायच्या आणि मागेल त्या स्वरूपात बाहेर काढायच्या, एवढं काम करणारं एक कमांड-लाइन टूल आमच्या टीमकडे होतं. पायथनमध्ये लिहिलेलं. कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात मागे गेलं तर सुरुवातीची स्क्रिप्ट चांगली सुटसुटीत दिसते. माझ्याकडे आलं तेव्हा 'मेन' हे एकच फंक्शन स्क्रोल करून संपत नव्हतं. लांबीचं तसं कुणाला फारसं वावडं नव्हतं. त्रास वेगळा होता: कुणी "एक छोटासा फ्लॅग टाकून दे ना" म्हटलं की बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. फ्लॅग म्हणजे कमांडपुढे लिहून टूलचं वागणं बदलणारा पर्याय.

निमित्त झालं सीएसव्हीचं, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे करणाऱ्या स्वरूपाचं. साधा मजकूर आणि जेसन (दुसऱ्या प्रोग्रॅमना वाचायला सोपं) ही दोन स्वरूपं होती, तिसरं हवं होतं. सीएसव्ही लिहिणारं मॉड्यूल पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत तयारच आहे, म्हणजे प्रत्यक्ष लिहिण्याचं काम किरकोळ. पण 'जेसन आहे का?' हा प्रश्न कोडमध्ये किती ठिकाणी विचारलाय ते शोधायला बसलो, तर तो फाइल उघडताना होता, ओळ छापताना होता, प्रगतीची पट्टी दाखवताना होता, एरर सांगताना होता, रंग लावताना होता आणि शेवटचा सारांश छापतानाही होता. यातल्या प्रत्येक ठिकाणी सीएसव्हीचं काय करायचं, हे नव्याने ठरवावं लागणार होतं. त्यामुळे सीएसव्ही बाजूला ठेवून आधी घर आवरायचं ठरलं.

कोडचा मूळ आजार एका वाक्यात सांगता येईल. अर्गपार्सने, म्हणजे पर्याय वाचणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलने, कमांड-लाइन वाचून जे 'अर्ग्स' नावाचं ऑब्जेक्ट दिलं, ते जसंच्या तसं सगळ्या फंक्शनांत फिरत होतं. अगदी आतलं, एक ओळ सजवणारं फंक्शनसुद्धा 'अर्ग्स' घ्यायचं आणि स्वतःपुरता निर्णय घ्यायचं. हो-नाही स्वरूपाचे फ्लॅगच १७ होते. म्हणजे तात्त्विकदृष्ट्या १,३१,०७२ जुळण्या, आणि त्यातल्या कुठल्या अर्थपूर्ण, कुठल्या निव्वळ अपघात, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एक अट तर मी छापून भिंतीवर लावली होती. मराठीत ती साधारण अशी वाचली जाईल: क्वाएट (गप्प राहा) नसेल, आणि आउटपुट फाइल दिलेली नसेल किंवा फोर्स असेल, आणि जेसन नसेल किंवा व्हर्बोस (सविस्तर सांग) असेल, तर शेवटी एकूण नोंदींचा आकडा छाप.

यात फोर्स कशाला आला? फोर्सचा अर्थ 'फाइल आधीच असेल तरी तिच्यावर लिही'. त्याचा आकडा छापण्याशी संबंध काय? कुठला तुकडा कुठल्या बदलात आला ते सांगणाऱ्या गिट ब्लेमने दाखवलं की ही एक अट चार वेगवेगळ्या कमिटांतून (नोंदवलेल्या बदलांतून) वाढत गेली होती. प्रत्येकाने आपापली अडचण सोडवायला एक तुकडा जोडला आणि पुढे गेला. सगळ्यांच्या मनात होतं ते इतकंच, की समोर माणूस बसलेला असेल तर सारांश दाखव, पुढे दुसरा प्रोग्रॅम असेल तर गप्प बस. ते साधं वाक्य मात्र कोडमध्ये कुठेही नव्हतं.

आधी मोजमाप. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी हे माप थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलं. एका फंक्शनमधून जाण्याच्या स्वतंत्र वाटा किती, याची ती मोजणी. व्यवहारात निर्णयाच्या जागा मोजायच्या आणि त्यात एक मिळवायचा. त्यांनी सुचवलेली १० ही मर्यादा आजही अनेक टूल्समध्ये तशीच आहे, रफ या कोड तपासणाऱ्या टूलमधला नियमही १० वरच सुरू होतो. आम्ही रेडॉन (हेच माप काढणारं दुसरं टूल) आणि रफ दोन्ही चालवले आणि दोघांचे आकडे जुळेनात. कारण नंतर कळलं. रेडॉन अटीतल्या प्रत्येक 'आणि', 'किंवा'साठी एक जादा मोजतो, रफ मोजत नाही. भिंतीवरची ती अट रफच्या दृष्टीने एक, रेडॉनच्या दृष्टीने पाच. मला विचाराल तर इथे रेडॉन खरं बोलत होता.

रेडॉन फंक्शनांना 'ए' ते 'एफ' श्रेणीही देतो आणि ४० च्या वर गेलं की 'एफ'. आमचं 'मेन' नापास होणार हे न मोजताही माहीत होतं. पण त्याच यादीत काही फंक्शनं अगदी गुणी बाळासारखी 'बी' श्रेणीत बसली होती आणि त्यांची नावं होती प्रोसेस-एक, प्रोसेस-दोन, प्रोसेस-दोन-ब. पूर्वी कुणीतरी आकडा खाली आणण्यासाठी एक लांब फंक्शन मध्येच कापून तीन केलेली. तिन्हींना तेच नऊ आर्ग्युमेंट, तिन्ही 'अर्ग्स' बघणार, आणि दोन वाचल्याशिवाय एक कळणार नाही. मॅकेबचं माप अशा कापाकापीवर खूश होतं. म्हणून आकडा हा शोधाची सुरुवात म्हणून वापरायचा, लक्ष्य म्हणून नाही, हे टीममध्ये आधीच बोलून घेतलं.

याहून उपयोगी निघाली ती दुसरी यादी. गिट लॉगमधून प्रत्येक कमिटात बदललेल्या फाइलींची नावं काढली, सॉर्ट करून मोजली आणि कॉम्प्लेक्सिटीच्या यादीशेजारी ठेवली. गुंतागुंतीची पण वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली फाइल असेल तर तिला झोपू द्यायचं. गुंतागुंतीची आणि सतत बदलणारी असेल तर तिथून सुरुवात. या गाळणीतून फार थोडं उरलं: पर्याय वाचणारा भाग, बाहेर लिहिणारा भाग आणि नोंदी एकत्र लावणारा भाग. अख्ख्या कोडला हात घालायची भीती तिथेच निम्मी उतरली.

कमांड-लाइन टूलमध्ये सुधारणा करताना एक धोका असतो जो लायब्ररीत इतका बोचत नाही. तुमचं टूल कोण वापरतं हे तुम्हाला माहीत नसतं. हायरम राइट या इंजिनिअरच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या प्रोग्रॅमच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कुणी ना कुणी विसंबून असतंच, तुम्ही कागदोपत्री काय वचन दिलंय याला फारसं महत्त्व उरत नाही. कमांड-लाइनवर दिसणारं वागणं म्हणजे फ्लॅगची नावं, आउटपुटमधली प्रत्येक मोकळी जागा, एररचा मजकूर, तो स्टँडर्ड आउटपुटवर (निकालाच्या वाटेने) जातो की स्टँडर्ड एररवर (तक्रारींच्या वाटेने), आणि शेवटी एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना परत देतो तो आकडा.

म्हणून कोडला हात लावायच्या आधी जुनं वागणं आहे तसं टिपून ठेवणाऱ्या चाचण्या लिहिल्या. कॅरॅक्टरायझेशन टेस्ट म्हणतात त्या. त्यात बरोबर-चूक काही ठरवायचं नाही, फक्त आज काय होतं ते गोठवायचं. खऱ्या कमांडी मिळवण्यासाठी क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप कमांडी चालवणाऱ्या सोयीच्या) नोंदी चाळल्या, सीआयच्या (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेच्या) फाइली चाळल्या, बाकीच्या टीमच्या डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट मागवल्या. शेल हिस्टरीही मागितली. ती लोकांनी जरा वेळ लावून दिली, आणि तो वेळ कशाला लागला असेल ते मी विचारलं नाही. प्रत्येक कमांडसाठी चार गोष्टी जपल्या: एक्झिट कोड, स्टँडर्ड आउटपुट, स्टँडर्ड एरर आणि तयार झालेल्या फाइली.

या चाचण्या लगेच स्थिर झाल्या नाहीत. एकदा हिरवं, एकदा लाल. आउटपुटमधली आजची वेळ आणि तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता हे तर अपेक्षित होतं, ते चाचणीत झाकून टाकले. पण मशीनच्या नावांची यादी दर वेळी वेगळ्या क्रमाने यायची. ती 'सेट' या क्रम न पाळणाऱ्या संग्रहातून थेट छापली जात होती, आणि पायथन ३.३ पासून मजकुराचं हॅशिंग (मजकुरापासून आकडा काढणं) दर वेळी वेगळं बीज घेतं, त्यामुळे सेटचा क्रमही बदलतो. चाचणीपुरतं बीज गोठवणं सोपं होतं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं की झालं. पण क्रम रोज बदलतोय याचा अर्थ त्या क्रमावर कुणीच विसंबलेलं असू शकत नाही. तेव्हा तिथे सरळ सॉर्ट लावून टाकलं. असं निर्धास्तपणे बदलता येण्याजोगं वागणं नंतर फारसं सापडलं नाही.

याच टप्प्यावर ती गोष्ट बाहेर आली जी मी अजूनही नव्या लोकांना दाखवतो. कॉन्फिग फाइल वाचणारं एक फंक्शन होतं. आत तपासणी, तपासणीत काही चुकीचं आढळलं तर एरर छापून एक्झिट कोड २ देऊन बाहेर पडायचं. वाचायला अगदी शहाणं कोड. पण हे सगळं एका ट्राय ब्लॉकमध्ये होतं आणि खाली नुसतं 'एक्सेप्ट', कुठल्या अपवादासाठी (चालता चालता उद्भवलेल्या अडचणीसाठी) ते न लिहिलेलं. पायथनमध्ये प्रोग्रॅममधून बाहेर पडणं हादेखील एक अपवादच असतो, सिस्टिमएक्झिट नावाचा. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं तर तो निसटून जातो, कारण तो एक्सेप्शनच्या वंशातला नाही, त्याच्या वरच्या बेसएक्सेप्शनचा आहे. नुसता 'एक्सेप्ट' मात्र त्यालाही गिळतो. परिणाम असा: कॉन्फिग चुकीची असेल तर पडद्यावर एरर यायची, बाहेर पडण्याचा हुकूम तिथेच गिळला जायचा, प्रोग्रॅम डिफॉल्ट सेटिंग घेऊन पुढे चालायचा आणि शेवटी ऐटीत शून्य परत करायचा. शून्य म्हणजे सगळं ठीक. रात्री क्रॉनमधून चालणाऱ्या स्क्रिप्टला वाटायचं काम झालं.

आता हे दुरुस्त करायचं तर एक शब्द पुरे. पण दुरुस्त केल्याच्या रात्री, आजवर चुकीच्या कॉन्फिगवर बिनबोभाट चालणाऱ्या किती स्क्रिप्ट पडतील? यावर बरीच चर्चा झाली आणि तिच्यातून पुढच्या सगळ्या कामाचा नियम निघाला. कोडची रचना बदलणारा कमिट आणि वागणं बदलणारा कमिट कधीही एकत्र नाही. रचना बदलली तर गोठवलेल्या चाचण्यांतलं एक अक्षरही हलता कामा नये. वागणं बदललं तर त्या कमिटात गोठवलेल्या फाइलीतला फरक उघड दिसला पाहिजे, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला कोड न वाचताही कळतं की वापरणाऱ्याच्या दृष्टीने नेमकं काय बदललं. ती कॉन्फिगची दुरुस्ती अशीच, स्क्रिप्टवाल्यांना आगाऊ सांगून, स्वतंत्रपणे गेली. रफमधला नुसत्या एक्सेप्टविरुद्धचा नियम त्याच दिवशी चालू केला.

एक्झिट कोडचा विषय निघालाच होता, तर बाहेर पडण्याच्या सगळ्या जागा शोधल्या. खोल आतल्या फंक्शनांतूनही प्रोग्रॅम थेट बंद केला जात होता, आणि कोड १ कुठे 'नोंद सापडली नाही' म्हणून, कुठे 'फाइल उघडली नाही' म्हणून. मजकूर शोधणाऱ्या ग्रेप या टूलची जुनी शिस्त आम्ही उचलली: सापडलं तर ०, काहीच सापडलं नाही तर १, खरी गडबड असेल तर २. अर्गपार्स स्वतः चुकीच्या पर्यायांवर २ देतो, त्याच्याशीही हे जुळतं. आतल्या फंक्शनांनी फक्त आपला अपवाद वर फेकायचा. त्याचा एक्झिट कोडमध्ये अनुवाद करणारी जागा एकच, 'मेन'च्या शेवटी, आणि 'मेन' नुसता एक पूर्णांक परत करतं. यामुळे चाचणीत 'मेन' साध्या फंक्शनसारखं बोलावता येऊ लागलं. प्रत्येक चाचणीला नवी प्रोसेस उभी करायची गरज संपली आणि चाचण्या इतक्या झटपट चालू लागल्या की लोक त्या खरंच चालवायला लागले.

मग मुख्य काम. 'अर्ग्स' आत जाऊ द्यायचं नाही. स्टेशनच्या फाटकावर तिकीट नीट तपासलं की प्रत्येक डब्यात पुन्हा तपासनीस लागत नाही, तसं. कमांड-लाइन वाचली की लगेच एक टप्पा: सगळे फ्लॅग, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, कॉन्फिग फाइल आणि 'समोर टर्मिनल आहे का' हे सगळं एकत्र बघायचं, विसंगती तिथेच पकडायच्या, आणि निष्कर्ष एका न बदलणाऱ्या डेटाक्लासमध्ये (नुसती माहिती साठवणाऱ्या रचनेत) लिहायचे. या डेटाक्लासमध्ये फ्लॅगांची नावं नाहीत, निर्णयांची नावं आहेत. 'सारांश दाखवायचा', 'रंग लावायचा', 'कुठे लिहायचं', 'कशात लिहायचं'. भिंतीवरची ती अट इथे येऊन एका ओळीची झाली: क्वाएट मागितलेलं नाही आणि स्टँडर्ड एरर टर्मिनलला जोडलेलं आहे, तर सारांश दाखव. यात वागणं बदलत होतं, म्हणून तोही वेगळा कमिट.

रंगांचंही तसंच. 'रंग लावू का?' हा प्रश्न आधी प्रत्येक छापणाऱ्या फंक्शनमध्ये होता आणि प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं. आता एकदाच: फ्लॅगने स्पष्ट सांगितलं असेल तर ते, नाहीतर 'नो-कलर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलेलं असेल तर रंग नाही, नाहीतर टर्मिनल असेल तर रंग. कुठल्या गोष्टीचा मान कुणाच्या आधी, हा क्रम एका जागी लिहिला गेला आणि हेल्पच्या मजकुरातही तसाच गेला.

'ड्राय-रन'चं प्रकरण जरा खोलात जाऊन सांगतो, कारण या पद्धतीचा खरा फायदा मला तिथे दिसला. टूल एका पर्यायाने जुन्या लॉग फाइली दाबून (कॉम्प्रेस करून) दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतं. ड्राय-रन दिलं तर काहीही न करता फक्त काय केलं असतं ते सांगायचं. जुन्या कोडमध्ये प्रत्येक कृतीच्या आधी एक 'इफ': ड्राय-रन असेल तर छाप, नसेल तर कर. फाइल दाबताना, हलवताना, जुनी पुसताना, सगळीकडे. आणि एका जागी तो 'इफ' राहून गेला होता, नवं फोल्डर तयार करताना. त्यामुळे ड्राय-रनसुद्धा रिकामं फोल्डर तयार करून ठेवायचं आणि पुढची खरी फेरी 'फोल्डर आधीच आहे' म्हणून कुरकुरायची. नवी रचना अशी केली: काम करणारं कोड आधी नुसती कृतींची यादी बनवतं. ही फाइल दाब, ती तिकडे हलव, मूळ पूस. यादी बनवणारं फंक्शन डिस्कला हात लावत नाही, त्याला ड्राय-रन ठाऊकच नाही. यादी तयार झाली की दारातच निवडलेला एक कार्यकर्ता ती घेतो. खरा असेल तर अमलात आणतो, दुसरा असेल तर वाचून दाखवतो. नवी कृती जोडली की ती यादीतूनच जाते, त्यामुळे इफ विसरायची सोयच राहिली नाही. शिवाय 'अमुक परिस्थितीत अमुक फाइली पुसल्या जातील का' याची चाचणी आता एका फाइललाही स्पर्श न करता लिहिता येते.

पर्यायांच्या वाचनातच दोन सुरुंग निघाले. पहिला अर्गपार्सच्या 'फाइलटाइप'चा. आउटपुटच्या पर्यायाला हा प्रकार दिला की अर्गपार्स पर्याय वाचतानाच फाइल लिहिण्यासाठी उघडतो, आणि लिहिण्यासाठी उघडलेली फाइल त्या क्षणी रिकामी होते. म्हणजे तुम्ही आउटपुट बरोबर दिलं आणि त्यापुढच्या पर्यायात टायपिंगची चूक केली, तर एरर येईल, काम होणार नाही, पण कालचा रिपोर्ट मात्र गेला. आता तिथे फक्त पत्ता घेतला जातो. लिहायचं ते त्याच फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाइलीत, आणि सगळं सुखरूप झालं की शेवटी नाव बदलून जागेवर. त्याच फोल्डरमध्ये, कारण वेगळ्या फाइल सिस्टिमवरून हलवलं तर ही अदलाबदल एका फटक्यात होण्याची हमी राहत नाही.

दुसरा सुरुंग संक्षेपाचा. अर्गपार्स लांब पर्यायाचं अर्धवट नावही चालवून घेतो, फक्त ते एकाच पर्यायाशी जुळलं पाहिजे. '--आउटपुट' असेल तर कुणी '--आउट' लिहिलं तरी चालतं. आणि लोक लिहितात! गोळा केलेल्या कमांडींत ते बऱ्याच ठिकाणी होतं. सीएसव्हीसाठी आम्ही '--आउटपुट-फॉरमॅट' असा पर्याय जोडणार होतो. तो जोडला असता तर '--आउट' दोन्हींशी जुळलं असतं, अर्गपार्सने 'संदिग्ध पर्याय' म्हणून कोड २ दिला असता, आणि ज्या स्क्रिप्टला सीएसव्हीशी काही देणंघेणं नाही त्या पडल्या असत्या. निव्वळ नवा पर्याय जोडल्याने जुनं मोडतं हे रिव्ह्यूमध्ये कुणाच्याही लक्षात येत नाही. नाव '--फॉरमॅट' ठेवलं, '--आउट'ला अधिकृत दुसरं नाव म्हणून नोंदवलं आणि संक्षेपाची सोय बंद केली. ती बंद करण्याची मुभा पायथन ३.५ पासून आहे, पण ३.८ च्या आधी ती बंद केली की '-व्हीव्ही'सारखे जोडून लिहिलेले छोटे फ्लॅगही चालेनासे होतात, तेवढं बघून घ्यावं.

फ्लॅग कमी करण्याची वेळ आली तेव्हा संवाद असे झाले:

"'--लेगसी-सॉर्ट' कोण वापरतं रे?"

"कुणी नाही. उडव."

"क्रॉनमध्ये दिसतोय."

"कोणाच्या?"

"तुमच्याच."

हा फ्लॅग वेळ सारखी असलेल्या नोंदींचा क्रम उलटा लावायचा, नंतर दिलेल्या फाइलीतली नोंद आधी. त्यासाठी नोंदी एकत्र लावणाऱ्या हाताने लिहिलेल्या लूपची एक अख्खी दुसरी प्रत ठेवलेली होती. आत लूप, त्याच्या आत लूप, आत ब्रेक. प्रत्येक लॉग फाइल मुळातच वेळेनुसार असते, त्यामुळे हे काम स्टँडर्ड लायब्ररीतलं हीपक्यू मॉड्यूलचं मर्ज फंक्शन सहज करतं, तेही सगळ्या फाइली मेमरीत न घेता. वेळ सारखी असेल तर आधी दिलेल्या फाइलीला ते प्राधान्य देतं. मग लेगसी-सॉर्ट म्हणजे काय? फाइलींची यादी उलटी करून त्याच फंक्शनला द्यायची. दोन्ही लूप गेले, फ्लॅग राहिला, एका ओळीत. गोठवलेल्या चाचण्या हलल्या नाहीत. अख्ख्या कामात मला सर्वांत जास्त आनंद याच कमिटाने दिला, कारण त्यात हिरव्या (नव्या) ओळी नगण्य आणि लाल (काढलेल्या) ओळी पानभर होत्या.

जे फ्लॅग खरोखर काढायचे होते त्यांच्यासाठी आधी सूचना छापायची असं ठरलं. पायथन ३.१३ पासून अर्गपार्समध्येच पर्यायाला 'डेप्रिकेटेड' (आता वापरू नका) अशी खूण करता येते आणि सूचना स्टँडर्ड एररवर जाते. ऐकायला छान. पण काही स्क्रिप्ट स्टँडर्ड एरर स्टँडर्ड आउटपुटमध्ये मिसळून पुढे जेसन वाचणाऱ्याकडे पाठवत होत्या, आणि जेसनच्या डोक्यावर इंग्रजी वाक्य आलं की तो वाचणारा आडवा. म्हणून सूचना फक्त समोर टर्मिनल असेल तेव्हाच दाखवायची असं केलं. अर्थात मग क्रॉनवाल्यांना ती कधीच दिसणार नाही. त्यांना सरळ जाऊन भेटणं याला पर्याय सापडला नाही.

बारीकसारीक गोष्टी बऱ्याच झाल्या. आउटपुट पहिल्या काही ओळीच दाखवणाऱ्या 'हेड'कडे पाठवलं की हेड हव्या तेवढ्या ओळी घेऊन निघून जायचा आणि आमचं टूल ब्रोकनपाइपची लांबलचक एरर ओकायचं. ती 'मेन'मध्येच पकडली. '--हेल्प'ला लागणारा वेळ इम्पोर्टची वेळ मोजणाऱ्या पायथनच्या पर्यायाने तपासला, तर एकाच रिपोर्टसाठी लागणारं पांडाज (डेटा विश्लेषणाची लायब्ररी) दर वेळी लोड होत होतं. तो इम्पोर्ट त्या रिपोर्टच्या फंक्शनमध्ये नेला.

एवढं झाल्यावर सीएसव्ही जोडलं. स्वरूपांच्या डिक्शनरीत एक नवी नोंद, लिहिणारा एक छोटा क्लास, आणि चाचण्या. बाकी कुठल्याही फाइलीला हात लागला नाही. रिव्ह्यूत एकच प्रश्न आला, तोही मजकुरात स्वल्पविराम आला तर काय याबद्दल, आणि तो स्टँडर्ड मॉड्यूल आपणहून सांभाळतं.

'मेन' आता एका पडद्यावर मावतं. १० ची मर्यादा सीआयमध्ये लावली आहे आणि ती ओलांडणारं एक फंक्शन आम्ही मुद्दाम तसंच ठेवलं आहे: नोंदीतला वेळ वाचणारं. सिसलॉग या लॉग लिहिण्याच्या रूढ पद्धतीच्या जुन्या रूपात, आरएफसी ३१६४ या तांत्रिक दस्तऐवजात वर्णन आहे तशा, महिना, दिवस आणि वेळ असते पण वर्ष नसतं. ते अंदाजाने लावायचं, आणि जानेवारीत वाचलेली डिसेंबरची नोंद गेल्या वर्षाची आहे हे ओळखायचं. आरएफसी ५४२४ मध्ये पूर्ण तारीख असते, पण दोन्ही पद्धतींच्या ओळी एकाच फाइलीत येऊ शकतात. काही प्रोग्रॅम नुसते युनिक्स सेकंद (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेले) लिहितात, काही मिलिसेकंद. टीममधल्या एकीने याचं नियमांचं टेबल करून बघितलं: एका बाजूला स्वरूप, दुसऱ्या बाजूला ते वाचणारं फंक्शन. आकडा लगेच ५ च्या खाली आला. पण कुठला नियम कुठल्याच्या आधी तपासायचा हे क्रमावर अवलंबून होतं, आणि इफच्या साखळीत जो क्रम डोळ्यांसमोर दिसतो तो टेबलात टिप्पणी लिहून समजवावा लागत होता. तिने स्वतःच ते मागे घेतलं. फंक्शनच्या डोक्यावर रफला 'इथे बोलू नकोस' सांगणारी खूण आहे, शेजारी कारण एका ओळीत आहे आणि खाली प्रत्येक स्वरूपाची खरी ओळ चाचणीत आहे. सीएसव्हीनंतर आलेली पुढची मागणी नेमकी याच फंक्शनमध्ये आहे, टाइम झोनचं संक्षिप्त नाव लिहिणाऱ्या एका उपकरणाची, आणि 'आयएसटी' म्हणजे भारताची वेळ, आयर्लंडची की इस्रायलची, यावर सध्या आमचं एकमत व्हायचं आहे.